पिल्ले झाली म्हणजे औषध निर्धोक ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डाळिंब-द्राक्षाच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यात फवारणीच्या औषधांचे शेतकरी मेळावे गावोगावी भरतात. पंढरपूर तालुक्यातील अशाच एका मेळाव्यात एका तरुणाने काहीसे चाचरतच, या औषधाने पुढे मूल होण्यात अडचण तर येणार नाही ना, असे विचारले. त्यावर ‘उंदरांवर चाचणी झाली आहे, त्यांना नेहमीइतकीच पिल्ले झाली’ एवढे सांगून कंपनीच्या प्रतिनिधीने विषय संपवला. प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक या नात्याने हे उत्तर अपुरे का आहे, ते सांगणे मला आवश्यक वाटते.

प्रयोगशाळेतील उंदीर गरजेपेक्षा कितीतरी अधिक शुक्राणू तयार करतो. त्यांची संख्या नेहमीच्या एक दशांशावर आली तरी पिल्ले होऊ शकतात. माणसाजवळ एवढी शिल्लक नसते. म्हणूनच केवळ पिल्ले न मोजता शुक्राणूंचीच तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी अधिवृषणाच्या (वृषणाला चिकटलेली, शुक्राणू साठवणारी गुंडाळलेली नळी) शेपटाकडील तुकडा 37 अंश सेल्सिअसच्या द्रावणात ठेवतात आणि बाहेर पोहत येणारे शुक्राणू लगेच सूक्ष्मदर्शकाखाली किंवा कॅमेरा जोडलेल्या संगणकावर पाहतात. काचपट्टी जराशी गार राहिली तरी ते मंदावतात आणि औषधाचा दोष नसताना तो दिसू लागतो; हे काम किती हातावर अवलंबून आहे, हे ज्याने केले त्यालाच कळते. गतीनंतर संख्या आणि आकार तपासतात. उंदराच्या शुक्राणूचे डोके कोयत्यासारखे वाकडे असते; तो बाक नाहीसा झालेले किंवा शेपूट तुटलेले शुक्राणू इओसिनने रंगवून वेगळे मोजतात.

या साऱ्यात काळाचा हिशेब महत्त्वाचा असतो. मोठ्या उंदरात (रॅट) शुक्राणू तयार होण्यास सुमारे 52 दिवस लागतात आणि अधिवृषणातून पुढे सरकण्यास आणखी काही दिवस जातात. त्यामुळे दोन पिढ्यांच्या प्रमाणित चाचणीत नराला समागमापूर्वी किमान 10 आठवडे औषध देतात. दोन-चार आठवड्यांच्या प्रयोगात शुक्राणूंची संख्या जशीच्या तशी दिसूनही वृषणाच्या आत इजा झालेली असू शकते, आणि ती वृषणाचे पातळ काप तपासल्यावरच सापडते. काप घेण्यापूर्वी वृषण साध्या फॉर्मेलीनमध्ये ठेवले तर शुक्राणू तयार होतात त्या नलिका आक्रसतात, म्हणून ते टिकवण्यासाठी बुआँचे किंवा सुधारित डेव्हिडसनचे द्रावण वापरतात. आपल्या बागायतदारांच्या परिचयाच्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाबाबत मोठ्या मात्रेच्या प्रयोगांत, शुक्राणूंच्या अपक्व पेशी त्यांना पोसणाऱ्या आधारपेशींपासून सुटून नलिकेत गळून पडल्याचे अशाच कापांत दिसले आहे. फवारणीच्या वेळी अंगावर येणारी मात्रा वेगळी असते, हे मान्य. पण ती किती आणि प्रयोगात अपाय न करणारी मात्रा किती, हे शेजारी शेजारी मांडल्याखेरीज धीर देणे किंवा घाबरवणे दोन्ही व्यर्थ आहे.

प्राण्यांतील खूण दुर्लक्षित राहिली की काय होते, याचा दाखला जुना आहे. मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींवरील डीबीसीपी या औषधाने उंदरांची वृषणे आक्रसतात, हे 1961 मध्ये प्रसिद्ध झाले होते. तरीही 1977 मध्ये कॅलिफोर्नियातील हे औषध हाताळणाऱ्या कारखान्यातले कामगार आपल्याला मुले का होत नाहीत, हे आपसात बोलू लागले तेव्हाच त्यांची तपासणी झाली.

नोंदणीसाठी विषारीपणाची माहिती कंपन्या फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे सादर करतातच. तिचा सारांश मराठीत, कृषी सेवा केंद्रात सहज मिळेल अशा पत्रकावर कृषी विभागाने छापून घ्यावा, ही माझी मागणी आहे. नराला किती दिवस औषध दिले, शुक्राणूंची संख्या, गती व आकार यांत काय आढळले, वृषणाचे काप तपासले की नाही आणि कोणत्या मात्रेपर्यंत अपाय दिसला नाही, एवढे चार-पाच ओळींत मावते. दर्शनी बाजूला डाळिंबाचे रंगीत चित्र छापायला जागा सापडते, तर मागच्या बाजूला या ओळींनाही सापडेल.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, सोलापूर