एफ ६ दाबायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण अंधेरीच्या एमआयडीसीत आपल्या टीमबरोबर ज्यांनी रात्रपाळी केली, ते हे वाचून लगेच ओळखतील. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी केक, शाल आणि फोटोंच्या गडबडीत नीट बोलणं झालंच नाही. ते आज बोलतो.

भांडुपच्या मराठी शाळेतून आणि पुढे डिप्लोमा करून मी आयबीएमच्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सर्व्हरसमोर येऊन बसलो, तेव्हा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे पाठांतर अशी माझी समजूत होती. ज्याला जास्त कमांड तोंडपाठ, तो मोठा. तुम्ही मला पाठ करायला काहीच दिलं नाहीत. स्मिटी नावाचा मेनू उघडून दिलात.

आयबीएमने १९९० साली आरएस/६००० मशीनबरोबर एआयएक्सची तिसरी आवृत्ती आणली, तेव्हापासून स्मिट त्यात आहे, आणि काळ्या पडद्यावर चालणारं त्याचं रूप म्हणजे स्मिटी. यूजर, डिस्क, नेटवर्क, प्रिंटर, सगळं मेनूत. टीममधले काहीजण म्हणायचे की हे नवशिक्यांचं काम, खरा ॲडमिन कमांड टाइप करतो. तुम्ही वाद घातला नाहीत. मला एवढंच सांगितलंत, “फॉर्म भर, पण एंटर मारायच्या आधी एफ ६ दाब.”

एफ ६ दाबलं की स्मिटी जी कमांड चालवणार असते, ती पूर्ण दाखवतं. मी भरलेला प्रत्येक रकाना त्या ओळीत कुठे जाऊन बसला, ते समोर दिसतं. माझ्यासाठी शाळा इथे सुरू झाली. आपल्या पीसीवरून सर्व्हरला जोडणाऱ्या पुटी या प्रोग्रॅममध्ये एफ ६ सारख्या फंक्शन की चालेनाशा झाल्या की एस्केप दाबून मग ६ दाबायचा, हेही तुम्हीच दाखवलंत. ही बारीकशी गोष्ट कुणी सांगितली नसती तर मी मेनूचा नादच सोडला असता.

ती महिनाअखेरची रात्र मला अजून आठवते. एक फाईलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाईली ठेवायची जागा, भरत आली होती आणि बॅच, म्हणजे रात्री ओळीने चालणारी कामं, थांबवून चालणार नव्हतं. तुम्ही कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात आणि शेजारी खुर्ची ओढून बसलात. मेनूतून फाईलसिस्टिम निवडली, आकार बदलायचा फॉर्म उघडला. तुम्ही युनिटच्या रकान्यावर बोट ठेवलंत: तिथे आपोआप ५१२ बाइट येतं, आधी टॅब दाबून गिगाबाइट कर, मग आकडा लिही. मग एफ ६. सीएचएफएस या फाईलसिस्टिम बदलणाऱ्या कमांडची अख्खी ओळ तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलीत. एंटर मारल्यावर ‘फेल्ड’ आलं, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, “आता खालचा मेसेज वाच.” ती फाईलसिस्टिम ज्या लॉजिकल व्हॉल्यूमवर, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांनी बनलेल्या भागावर होती, त्याची ५१२ तुकड्यांची (पार्टिशनची) मर्यादा संपली होती. डिस्कच्या ग्रुपमध्ये जागा शिल्लक होती, मर्यादा तेवढी वाढवायची होती. ती दुसऱ्या मेनूतून वाढवली, पुन्हा आकार दिला आणि या वेळी ‘ओके’ आलं. सगळं चालू सिस्टिमवरच झालं, बॅचला कळलंही नाही. तेवढ्या वेळात तुम्ही माउसला किंवा कीबोर्डला एकदाही हात लावला नाहीत. त्या विश्वासासाठी तुमचे वेगळे आभार.

नंतर होम डिरेक्टरीतली स्मिट.स्क्रिप्ट उघडून दाखवलीत. स्मिटीमधून चालवलेली प्रत्येक कमांड तारीख-वेळेसकट तिथे लिहिलेली असते. तीच फाईल माझी वही झाली. पुढे तेच काम अनेक सर्व्हरवर करायची वेळ आली, तेव्हा तिथल्याच ओळी उचलून लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर आपोआप चालतील अशा, टाकल्या. मेनू तिथे थकतो, हे खरंच आहे. शंभर मशीनवर कुणी फॉर्म भरत बसत नाही. पण त्या ओळींचा अर्थ मला मेनूनेच शिकवला होता. आणि क्वचित लागणाऱ्या कामाला मी आजही स्मिटीच उघडतो. कुठला रकाना सक्तीचा हे चांदणी सांगते, कुठे यादीतून निवडता येईल हे अधिकचं चिन्ह सांगतं, आणि एफ ४ दाबलं की त्या मशीनवर खरोखर असलेली नावं समोर येतात. पहाटे तीन वाजता डिस्कचं नाव आठवणीतून टाइप करण्यापेक्षा यादीतून निवडणं मला कधीही जास्त जबाबदारीचं वाटतं.

आता माझं बरंचसं काम लिनक्सवर असतं. एनएमटीयूआय या तिथल्या नेटवर्कच्या मेनूत पत्ता बदलताना बोट सवयीने एफ ६ कडे जातं, आणि तिथे मागची कमांड दिसत नाही याचं वाईट वाटतं. म्हणून आमच्या ऑपरेटर मुलांसाठी मी व्हिपटेल हे मेनू दाखवणारं साधन वापरून एक छोटा मेनू बनवला आहे: लॉग साफ करणं, सर्व्हिस पुन्हा चालू करणं, यूजरचं लॉक काढणं. प्रत्येक कामाआधी तो कमांड दाखवतो आणि मगच विचारतो, चालवू का? चालवलेलं सगळं वेळेसकट एका फाईलमध्ये जातं. परवा त्यातल्या एका मुलीने ती फाईल उघडून मला विचारलं, “सर, ह्या ओळीतलं हे अक्षर कशासाठी आहे?” तुम्ही बसायचात तशी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.

मॅडम, मनापासून आभार. दादरला आलात की फोन करा, तो मेनू तुम्हाला दाखवायचा आहे. त्यात काय कमी आहे ते तुम्हीच सांगाल.

तुमचा,
रात्रपाळीतला विद्यार्थी