संज्या, गाडीचं विचारलास ना, सविस्तर लिहितोय

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय संज्या,

परवा फोनवर विचारलास, होंडाची एलिवेट घेऊ का टोयोटाची हायरायडर, आणि मी "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतंच, कारण तू म्हणालास की ही गाडी पंधरा वर्षं ठेवायची, परत घेणं होणार नाही. पाच वर्षांत विकायची असती तर म्हटलं असतं कुठलीपण उचल. पण पंधरा वर्षं म्हणजे काकूंचं पुढचं सगळं दवाखान्याचं आलं, अनूचं कॉलेज आलं, म्हणून दोन रविवार मी दोन्ही शोरूमला जाऊन बसलो, उद्यमबागेतल्या ओळखीच्या दोन मिस्त्रींकडे गेलो, मग लिहायला घेतलं. चहा घेऊन बस.

तुला माहीत आहे मी होंडाचा माणूस. 2009 ची सिटी अजून दारात उभी आहे, काटा 1 लाख 87 हजारावर गेला, इंजिन एकदा पण उघडलेलं नाही. जुलैत जांबोटीकडं पाऊस कसा असतो तुला सांगायला नको, चार-चार दिवस गाडी बाहेर भिजत उभी असते आणि सकाळी चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. एक क्लच बदलला, तो एवढ्या वर्षात कुणाचा पण बदलतोच. एलिवेटमध्ये त्याच घराण्यातलं 1.5 लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, 121 पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) ताकदीचं, टर्बो नाही, टायमिंगला बेल्टऐवजी चेन, म्हणजे बिघडायला लागणाऱ्या गोष्टीच कमी. शिवाय ग्राउंड क्लिअरन्स 220 मिलिमीटर. सिटीचं पोट कणकुंबीच्या रस्त्यावर घासलं की माझ्या पोटात गोळा येतो, ते एलिवेटमध्ये होणार नाही. हीच गाडी इथून जपानला पण जाते, तिथं डब्ल्यूआर-व्ही नावानं विकतात, म्हणजे बनावटीत कमी नाही. चालवायला घेतली तेव्हा तिसऱ्या गेटचा ब्रिज तिसऱ्या गिअरवर सरळ चढली, लई बरं वाटलं.

एवढं सगळं असून पण मी तुला एलिवेट घे म्हणणार नाही, आणि का ते नीट वाच.

सिटीच्या आधीची माझी गाडी आठवते का, पांढरी? कंपनीचं नाव लिहीत नाही. गोव्याहून येताना चोर्ला चढून वर आलो आणि कणकुंबीच्या अलीकडे गाडी गरम होऊन बंद पडली, ही आणि लहान पोर मागच्या सीटवर, बाहेर धो धो पाऊस. टेम्पोला बांधून बेळगावला आणली. बिघाड तसा किरकोळ होता, पाण्याचा पंप. पण तो पंप बेळगावात नाही, हुबळीत नाही, कोल्हापुरात पण नाही, ते मॉडेल रस्त्यावर इतकं कमी की कुणी ठेवतच नव्हतं. 22 दिवस गाडी शेडमध्ये पडून होती आणि मी रोज संध्याकाळी जाऊन विचारायचो, आला काय, आला काय. गाडी मजबूत होती, तो पंप सोडला तर काहीच झालेलं नव्हतं. तेव्हापासून मी गाडी बघताना पहिला प्रश्न हा विचारतो की बाराव्या वर्षी हिचा पार्ट मला कोण देणार, आणि तो माझ्या घरापासून किती लांब बसतो.

होंडाचं आज सगळं व्यवस्थित आहे, पार्ट मिळतात, मलाच मिळतात की. पण 2020 ला ग्रेटर नोएडाला गाड्या बनवायचं बंद केलं, आता राजस्थानात टपूकडाला तेवढं बनतंय, 2023 ला डिझेल सोडलं, आणि तू स्वतः निपाणीत उभा राहून मोज, अर्ध्या तासात किती एलिवेट दिसतात. मी बेळगावात राहतो, दहा मिनिटांत सर्व्हिसला पोचतो, म्हणून मला होंडा जमली. तुला प्रत्येक वेळी तवंदी घाट चढून, हत्तरगीचा टोल भरून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर यायचं.

आता टोयोटा. तू म्हणालास ती तर आपल्या किर्लोस्करांची. खरं आहे, आणि मला पण त्याचा अभिमान वाटतो. लक्ष्मणराव 1869 ला आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले, बेळगावात सायकलचं दुकान घातलं, इथली जागा सोडावी लागली तेव्हा 1910 ला माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी 1997 ला टोयोटाबरोबर बिडदीचा कारखाना धरला. पण अभिमानानं गाडी घेऊ नकोस बाबा, हिशोबानं घे.

हिशोब बघ. तुझं मन हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडवर आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेल्या मॉडेलवर, लिटरला 27.97 किलोमीटर असं कंपनी सांगते म्हणून. खरे 22 धरू, एलिवेटचे 14 धरू. तुझं वर्षाचं रनिंग 12 हजार. म्हणजे एलिवेटला 857 लिटर, हायब्रिडला 545, फरक 312 लिटरचा, पेट्रोल 103 रुपये धरलं तर वर्षाला 32 हजार वाचतात. आता गाडीच्या किमतीतला फरक 3 लाख धर, त्यावर कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स 17 टक्के म्हणजे आणखी 51 हजार. साडेतीन लाख भरून निघायला अकरा वर्षं. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, म्हणजे पैसे वसूल व्हायच्या आधीच वॉरंटी संपली. तुझं रनिंग 25 हजार असतं आणि ते पण गावातल्या ट्रॅफिकमध्ये, जिथं हायब्रिड सगळ्यात जास्त वाचवते, तर मी स्वतः तुला घ्यायला लावली असती. तुझं निम्मं रनिंग हायवेचं.

आणखी एक. काकूंसाठी कधी व्हीलचेअर न्यावी लागली तर डिकीत बसते का बघायला आईची जुनी व्हीलचेअर मी मुद्दाम शोरूमला घेऊन गेलो होतो. सेल्समन पोरगा बघतच राहिला, पण मग त्यानंच उचलून ठेवायला मदत केली. एलिवेटच्या 458 लिटरच्या डिकीत ती घडी करून आडवी बसली, वर पिशवी ठेवायला जागा राहिली. स्ट्राँग हायब्रिडमध्ये खाली बॅटरी असल्यामुळे डिकी उथळ, मागच्या सीटचा एक भाग पाडल्याशिवाय जमेना. मग काकू, वहिनी, अनू आणि तू, कोण कुठे बसणार? साध्या पेट्रोल हायरायडरमध्ये जरा तिरकी करून बसली, झाकण लागलं.

म्हणून माझं मत, हायरायडरच घे, पण साधी पेट्रोल मॅन्युअल. तिच्यात सुझुकीचं 1.5 लिटरचं इंजिन आहे, तेच जे मारुतीच्या ब्रेझाला आहे, अर्टिगाला आहे, ग्रँड विटाराला आहे. म्हणजे टोयोटाची वॉरंटी, 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, आणि ती संपल्यावर संकेश्वर, चिकोडी, गडहिंग्लज, कुठल्यापण गॅरेजमध्ये ते इंजिन ओळखणारा मिस्त्री. ताकद 103 पीएस, तवंदी चढताना चार माणसं बसली की एक गिअर खाली घ्यावा लागेल, हे आधीच सांगतो. माझ्या सिटीसारखी ओढ नाही तिला. पण काकूंना रात्री अकराला केएलई हॉस्पिटलला न्यायचं असेल तेव्हा ओढीपेक्षा ती सुरू होणं महत्त्वाचं, आणि बंद पडलीच तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होणं.

घेतल्यावर तेल वर्षातून एकदा बदलायचंच, 10 हजार झाले नाहीत म्हणून थांबायचं नाही. गोव्याला जाऊन आलास की खालून गोड्या पाण्यानं धुऊन घे. आणि उंदीर! तुमच्या गोडाऊनला गाडी उभी राहणार, मागं ऊस, वायरी कुरतडल्या की बिल हजारात जातं. इकडं लोक बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधून ठेवतात, तुला तर निपाणीत ती विकत पण आणायला नको. फक्त फडक्यात घट्ट बांध, गरम भागापासून लांब, आणि पावसाळ्यात महिन्याला बदल. E20 पेट्रोलचं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, टेन्शन घेऊ नकोस, नव्या गाड्या त्याच हिशोबानं बनतात, आणि इथेनॉल तर आपल्याच उसाचं.

बुकिंगचे पैसे अजून भरू नकोस. येत्या रविवारी काकूंना घेऊन ये, त्यांना स्वतःला सीटवर चढू दे, उतरू दे, गुडघ्याला ताण येतो का ते त्यांनाच विचारू. एलिवेट पण तेव्हाच दाखवतो, त्यांना तीच सोपी वाटली तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवू आणि परत हिशोबाला बसू. जेवण आमच्याकडे, ही म्हणाली काकूंना कुंदा आणून ठेवते.

तुझा,
विन्या