पाटे, कॉइल की हवा?

प्रिय सुधीर,

पिकअपचं इंजिन ठरलं, रंगही ठरला आणि सस्पेंशनच्या रकान्यात गाडी अडली ना? मग पॅकेजची, म्हणजे कंपनी एकत्र देते त्या पर्यायांच्या संचांची, नावं क्षणभर विसर आणि हौद्यात रोज किती वजन असणार ते आधी ठरव. भरल्यावर मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पटही होऊ शकतो. रिकामी आणि भरलेली, दोन्ही गाड्या एकाच स्प्रिंगने सांभाळायच्या, सगळी भानगड तिथेच आहे.

रोज माल असेल तर डोळे झाकून पाटे घे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. पाटे वजनही पेलतात आणि अ‍ॅक्सलही जागेवर धरतात, त्यामुळे वेगळे रॉड लागत नाहीत. खालचा जाड हेल्पर पाटा वजन पडल्यावरच कामाला लागतो. जड पॅकेजमध्ये पाटे ताठ असतात, म्हणून रिकामी गाडी खड्ड्यात मागून उडते. पाट्यांच्या टोकांमधली पट्टी झिजली की करकर सुरू होते. पाटे आसाला आवळून धरणारा यू-बोल्ट सैल राहिला तर पाटा नेमका मधल्या, सगळे पाटे एकत्र ठेवणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो. काम निघालं तर यू-बोल्ट नवेच टाकायला सांग. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकवून आवळले तर बुशचं, म्हणजे सांध्यात बसवलेल्या नळीचं, रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

कॉइल स्प्रिंगला पाट्यांसारखं आपसातलं घर्षण नाही, म्हणून रिकामी गाडी छान चालते. रॅम १५०० या पिकअपने २००९ च्या मॉडेलपासून मागे कॉइल दिली, टोयोटाच्या टुंड्रा पिकअपने २०२२ पासून. पण अ‍ॅक्सल धरायला लिंक आणि आडवा रॉड लागतो, म्हणजे झिजणारे बुशही वाढले. माल भरला की मागून बसतेही जास्त.

एअर सस्पेंशन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे, ही उणीव भरून काढतं, उंची कायम राखतं. फक्त गळती लागली की कंप्रेसर सारखा चालून जळतो. रात्री चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घे, सकाळी पुन्हा घे. एकच कोपरा खाली बसला असेल तर फुगा किंवा नळी बघायची. जॅक लावण्याआधी जॅक मोड, म्हणजे उंचीची आपोआप जुळणी थांबवणारी सेटिंग, चालू कर.

ऑफ-रोड पॅकेजमध्ये नीट चौकशी कर. कधी फक्त शॉकअप आणि स्टिकर बदललेले असतात, म्हणून स्प्रिंगचा पार्ट नंबर साध्या मॉडेलशी ताडून बघ. शॉकअप मोनोट्यूब असतील तर पैसे सत्कारणी. त्यात गॅस तेलापासून वेगळा असतो, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर तापले तरी तेलाला फेस येत नाही. मात्र स्प्रिंग मऊ असतील तर पेलोड, म्हणजे माणसं धरून गाडी पेलू शकते ते वजन, घटलेला असू शकतो.

पेलोड दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर वाच, जाहिरातीत नको. समज ७०० किलो आहे. चार माणसांचे ३०० गेले. २००० किलोचा ट्रेलर असेल तर त्याच्या १० ते १५ टक्के, म्हणजे २०० ते ३०० किलो, हुकावर येतात. हौद्यासाठी उरले जेमतेम १०० ते २००. नंतर बाहेरून पाटा वाढवलास तर गाडी वाकणार नाही एवढंच. ब्रेक, अ‍ॅक्सल आणि टायर तेच राहतात.

टेस्ट ड्राइव्हला टायरची हवा आधी तपास, शोरूममधल्या गाडीत ती बऱ्याचदा जास्त असते आणि दोष सस्पेंशनच्या माथी बसतो. जमलं तर दोन-तीनशे किलो टाकूनही चालव. लेबलचा फोटो पाठव, मग पॅकेजचं बोलू.

तुझा,
विनय