मोरपंखी की आणखी कुठला?

शेफिल्ड, इंग्लंड

ति. आत्यास साष्टांग नमस्कार,

शेंगा चटणीचा डबा पोचला. झाकण उघडून निम्मी चटणी पार्सलभर झाली होती, तरी झाडून खाल्ली.

आज एक गंमत सांगतो. गंमत म्हणायची का, ते तूच ठरव. अपंगांची घरी जाऊन देखभाल करणाऱ्या इथल्या एका संस्थेला पैसे मिळावेत म्हणून आठ-दहा कंपन्यांचे मालक दिवसभर व्हीलचेअरवर बसले. ओळखीच्यांकडून आधी शब्द घ्यायचा, की मी संध्याकाळी पाचपर्यंत उठलो नाही तर तू संस्थेला इतके पौंड द्यायचे. आमचे साहेबही बसले आणि सोबतीला मला घेतलं. "तुझी आत्या चेअरवर असते ना, तुला सगळं माहीत असेल." मी मान डोलावली.

शेफिल्ड म्हणजे चढउतारांचं गाव. पण साहेबांना रडवलं सपाट फुटपाथनं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तो रस्त्याकडे किंचित कललेला असतो. चालताना कळतही नाही, चेअर मात्र सारखी रस्त्याकडे ओढते, आणि एकाच हातानं जोर लावत राहावं लागतं. अकराच्या आत उजव्या तळहाताला फोड.

कॉफी आली तर नको म्हणाले. अपंगांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांना इथे देशभर एकच चावी चालते, १९८१ पासूनची सोय आहे. पण ती चावी साहेबांकडे कुठली? मला आपली सोलापूरची गड्ड्याची जत्रा आठवली. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला जायचं असलं की तू सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाहीस. मला वाटायचं, आत्याचा उपास असतो!

दुपारी सँडविच घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं साहेबांकडे न बघता मला विचारलं, "ह्यांना काय हवंय?" साहेब लालबुंद. आणि मी काय करावं? "चिकन" म्हणून मोकळा झालो. साहेब मांस खात नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

नवी पेठेतला साडीवाला असाच मला विचारायचा, "आत्यांना कुठला रंग दाखवू?" आणि मी ठोकून द्यायचो, मोरपंखी. तुला मोरपंखी आवडतो की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. कळव.

पाचला साहेब उठले, पाय झटकले. पैसे बरे जमले. थोडं नाटक वाटलंच. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या मागच्या दाराचा उतार मोजायला लावला, म्हणून गप्प बसतो.

त्यावरून आठवलं. आपल्या दारातली ती फळी काढून टाका. एक इंच उंचीला बारा इंच लांबी लागते. आपल्या पायऱ्या चौदा इंच तरी असतील, म्हणजे उतार चौदा फूट हवा, आणि फळी जेमतेम चार फूट. म्हणून तर दिवाळीत तू मागे उलटत होतीस, आणि वर आम्ही तुझ्यावरच ओरडलो, "नीट धर!" अंगणात चौदा फूट सरळ बसणार नाहीत. मध्ये वळण घ्यावं लागेल, आणि वळणावर चेअर फिरेल एवढी सपाट जागा. दादाला टेपनं मोजायला सांग, अंदाजानं नको. पैसे मी पाठवतो.

गवंडी आला की बोलणी तू कर, दादा नको.

तुझा,
बंड्या