वाचकाचा माग आणि एकच ‘मान्य’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचे संकेतस्थळ उघडले की हल्ली पडद्याच्या तळाशी इंग्रजी मजकुराची एक पट्टी येते. संकेतस्थळ कुकी, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, वापरते, एवढे सांगून ती संमती मागते आणि त्यासाठी एक ठळक बटण पुढे करते. नकार द्यायचा असेल तर मात्र सेटिंग्जमध्ये शिरून आधीच केलेल्या खुणा एकेक करून काढाव्या लागतात. मराठी बातमी वाचायला आलेला माणूस एवढी खटपट करत नाही, आणि त्याने ती करू नये अशाच बेताने ही पट्टी रचली असावी, असे मला वाटते. वाचक एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला तरी त्याची ओळख राहावी, ही एक गोष्ट झाली. त्याच्या मागावर तिऱ्हाइतांना सोडणे ही अगदी वेगळी. या दोन्हींना एकाच बटणाखाली आणण्यावर माझा आक्षेप आहे.

पहिल्या गोष्टीची गरज खरी आहे. ब्राउझर, म्हणजे आपल्या फोनमधले संकेतस्थळे दाखवणारे ॲप, पान मागतो, सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाचा संगणक, ते पाठवतो आणि तिथे त्यांचा व्यवहार संपतो. पुढच्या क्षणी आलेली मागणी त्याच माणसाची आहे, हे ओळखण्याची सोय या देवाणघेवाणीच्या एचटीटीपी या नियमावलीत मुळात नव्हती. १९९४ साली ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या अभियंत्याने त्यावर तोड काढली. ऑनलाइन दुकानात निवडलेला माल पुढच्या पानावर गेल्यावर विसरला जाऊ नये, हे त्यामागचे निमित्त होते. सर्व्हरने पहिल्या भेटीत एक छोटी नोंद ब्राउझरच्या हवाली करायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ती परत दाखवायची, एवढीच ही युक्ती. ही नोंद म्हणजेच कुकी. देवळाबाहेर चपला ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्याची ही रीत आहे: बिल्ल्यावर नुसता क्रमांक असतो, चपला कोणत्या ते स्टँडवाल्याला ठाऊक असते. बँकेचे लॉगिन, रेल्वेचे आरक्षण, चार पानांचा ऑनलाइन अर्ज हे सारे असल्याच क्रमांकांवर चालते. काही मिनिटे हालचाल झाली नाही की ‘सेशन संपले’ असे सांगून बँक आपल्याला बाहेर काढते, तेव्हा आपण वैतागतो खरे. पण तो क्रमांक फार काळ जिवंत न ठेवणे आपल्याच हिताचे असते.

वाचकाचा माग निघू लागला तो पान एकाच सर्व्हरवरून येत नसल्यामुळे. बातमी आपल्या सर्व्हरवरून येते. तिच्या कडेची जाहिरात, व्हिडिओ, समाजमाध्यमाचे बटण आणि डोळ्यांना न दिसणारे एक पिक्सेल लांबीरुंदीचे चित्र मात्र इतर कंपन्यांच्या सर्व्हरवरून येऊ शकते. अशा प्रत्येक कंपनीला स्वतःची कुकी ठेवण्याची संधी मिळते. मग एकच जाहिरात कंपनी असंख्य संकेतस्थळांवर असली, तर सकाळी आपल्याकडे मधुमेहावरचा लेख वाचणारा, दुपारी कर्जाचे व्याजदर पाहणारा आणि रात्री लग्नाची स्थळे चाळणारा माणूस एकच आहे, हे नाव न विचारताही तिला कळते. हा धोका कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. आरएफसी २१०९ हे कुकीचे पहिले मानक फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाच त्रयस्थांच्या कुकी ब्राउझरने वापरकर्त्याने सांगितल्याखेरीज स्वीकारू नयेत, अशी भूमिका अभियंत्यांनी त्यात घेतली होती. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आपल्या ब्राउझरमध्ये ती पाळली नाही, कारण तोवर डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्यांचा धंदा त्रयस्थांच्या कुकी आपोआप स्वीकारल्या जाण्यावरच उभा राहू लागला होता. पुढे २००८ मध्ये गूगलने डबलक्लिक ३.१ अब्ज डॉलरना विकत घेतली. आज आपल्या पट्टीतून जी संमती मागितली जाते, तिचे मूळ त्या वेळी कानाआड केलेल्या सूचनेत आहे.

यावर उपाय झालेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फायरफॉक्स या ब्राउझरने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या कुकी आपोआप अडवायला सुरुवात केली आणि ॲपलने मार्च २०२० मध्ये सफारी या आपल्या ब्राउझरमध्ये त्रयस्थांच्या कुकी सरसकट बंद केल्या. गूगलनेही आपल्या क्रोम ब्राउझरमधून त्या काढण्यासाठी जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांची मुदत सांगितली, ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन आणि त्यात क्रोम असतो, त्यामुळे सफारीतल्या सुधारणेचा मराठी वाचकाला फारसा उपयोग नाही. शिवाय कुकी अडवल्या तरी फोनचा प्रकार, पडद्याचा आकार, टंक, भाषा आणि वेळ यांच्या जुळणीवरून ब्राउझर ओळखण्याची वाट उघडीच राहते, आणि ही ओळख पुसण्याचे बटण वाचकाकडे नसते.

आता कायद्याविषयी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, ती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता यावी आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा असावी, असे हा कायदा म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा मराठी दैनिकाने मराठी वाचकाची संमती निव्वळ इंग्रजीत मागणे हे मुदत उरली आहे म्हणून चालून जाते, एवढेच. स्वीकार एका टिचकीत आणि नकार अनेक टिचक्यांत, या रचनेबद्दल फ्रान्सच्या डेटा संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला होता, हेही लक्षात घ्यावे.

याच कायद्याच्या नवव्या कलमात एक तरतूद आहे, जिच्याकडे वृत्तपत्रांनी विशेष लक्ष द्यायला हवे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना तिने मनाई केली आहे, आणि मुलांविषयीची बंधने मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. वाचकाचे वय आम्हाला कसे कळणार, असे एरवी म्हणता येईल. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी निकालाचे पान उघडणारा बहुतेक वाचक पंधरा-सोळा वर्षांचा असतो, हे त्या पानाच्या शीर्षकावरूनच कळते. त्या पानावर गुणांची वाट पाहणाऱ्या मुलामागे शिकवणी वर्गांच्या आणि शैक्षणिक कर्जाच्या जाहिराती पुढे कित्येक दिवस हिंडत राहाव्यात, हे मला कायद्याची मुदत बाजूला ठेवली तरी गैर वाटते.

जाहिरातींवाचून वृत्तपत्र चालत नाही, हे मला मान्य आहे. मात्र आपल्या छापील अंकातली जाहिरात कोण वाचतो, हे जाहिरातदाराला कधीच कळत नव्हते. ऊसदराच्या बातमीशेजारी ट्रॅक्टरची जाहिरात लावायला वाचकाचा पूर्वेतिहास लागत नाही. नेदरलँड्सच्या एनपीओ या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२० मध्ये माग काढणाऱ्या जाहिराती थांबवून मजकुरानुसार जाहिराती लावल्या, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत तिचे ऑनलाइन जाहिरात उत्पन्न आधीच्या वर्षापेक्षा वाढले. ती सार्वजनिक संस्था आहे आणि आपले दैनिक खासगी, त्यामुळे तोच अनुभव आपल्याला येईल असा माझा दावा नाही. निदान निकालाच्या पानांवर तरी प्रयोग करून पाहावा. कोणती बातमी किती जणांनी वाचली, ही मोजदाद आपण आपल्या सर्व्हरवर जरूर ठेवावी, तिला माझा विरोध नाही.

तूर्त तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. सूचना मराठीत द्यावी, नकाराचे बटण स्वीकाराच्या शेजारी आणि तेवढेच मोठे असावे, आणि आपल्या पानांवरून वाचकाचा माग घेणाऱ्या कंपन्यांची नावे उघड करावीत. ही यादी अंकात मावणार नाही अशी मला शंका आहे. तेव्हा ती संकेतस्थळावर दिली तरी चालेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली