माझी सही मीच केली आहे

पुणे,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या पाच दिवसांत हे सांगायचे मी तीन वेळा ठरवले आणि तिन्ही वेळा चहा टाकायच्या निमित्ताने उठून गेले, म्हणून आता पत्र लिहीत आहे. फोनवर विषय काढला असता तर आईने 'दिवेलागणीला असले बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते' असे सांगून तो मोडून टाकला असता आणि बाबा, तुम्ही नुसते 'बरं' म्हणून फोन तिच्या हातात दिला असता. पत्र मात्र तुम्ही दोघे आलटून पालटून वाचता आणि मग घडी घालून कपाटात ठेवता, हे मला ठाऊक आहे. पुढचे वाचण्याआधी एवढे लक्षात घ्या की मला काहीही झालेले नाही. सप्टेंबरात सगळ्या तपासण्या झाल्या, साखर नाही, रक्तदाब तुमच्यापेक्षा बरा आहे, आणि गुडघा दुखतो तो आईकडून आलेला आहे.

गोष्ट अशी की दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी माझे वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवले. घरादाराचे मृत्युपत्र ते हे नव्हे. मी बोलण्याच्या आणि निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन, आजार बरा होण्यापलीकडे गेलेला असेल, आणि यंत्रांनी केवळ श्वास चालू राहत असेल, तर ती यंत्रे लावू नयेत किंवा लावली असल्यास काढावीत, वेदना मात्र शेवटपर्यंत कमी करत राहावे, असे त्यात लिहिलेले आहे. दोन साक्षीदारांसमोर मी सही केली, नोटरीने शिक्का मारला, आणि एक प्रत महापालिकेत देऊन आले. हे विचारायला नव्हे, कळवायला लिहीत आहे. विचारले असते तर तुम्ही नको म्हणाला असतात, मला तुमचे मोडवले नसते, आणि मग ते आयुष्यभर तसेच राहून गेले असते.

एकोणपन्नासाव्या वर्षी ही घाई कशाला, असे तुम्ही म्हणाल. बाबा, याचे कारण तुम्हीच दिलेत. दसऱ्याला मी तुमचा हयातीचा दाखला माझ्या फोनवर काढला, ऐंशी पूर्ण झालेल्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो म्हणून. फोनने तुम्हाला डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले आणि तुम्ही खुर्चीत ताठ बसून, फोटो काढताना बसतात तसे, डोळे मिटलेत आणि उघडलेत. आपण जिवंत आहोत हे दर वर्षी सरकारला पटवून द्यायचे, आणि त्यासाठी पापणी हलवायची, याचे आपल्याला हसू आले होते. रात्री मात्र मला आबांच्या पापण्या आठवल्या. यंत्रांवरच्या त्या बावीस दिवसांत डॉक्टर बॅटरीचा प्रकाश टाकून त्या उघडून पाहत आणि आपण काचेबाहेर उभे राहून त्या आपोआप हलल्या का, ते विचारत असू.

त्या बावीस दिवसांबद्दल आपण सोळा वर्षांत कधीच बोललो नाही, म्हणून मी आजही फार बोलणार नाही. एकच गोष्ट लिहिते, कारण ती तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. बाबा, 2009 मध्ये कायद्याने तुमच्यापुढे दुसरा स्पष्ट मार्गच ठेवलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने उपचारमाघार, म्हणजे श्वास चालू ठेवणारी यंत्रे काढून घेणे, मर्यादित स्वरूपात आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने मान्य केली ती मार्च 2011 मध्ये, अरुणा शानबाग यांच्या खटल्यात. असे इच्छापत्र करण्याचा अधिकार प्रत्येकाला मिळाला तो 9 मार्च 2018 च्या निकालाने. तुम्ही ज्या कागदांवर सह्या केल्यात, त्या वेळी तेवढेच कागद होते. काका बाराव्याच्या दिवशी जे बोलले ते त्यांना ठाऊक नव्हते म्हणून बोलले, असे मी धरून चालते.

आईला अरुणा शानबाग नक्की आठवत असतील. केईएमच्या त्या परिचारिकेवर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला आणि त्या मे 2015 पर्यंत तशाच अंथरुणाला खिळून राहिल्या. तेव्हा आई, तू म्हणाली होतीस की त्या नर्सेसचे पाय धुऊन पाणी प्यावे. खरेच आहे ते. इतकी वर्षे त्यांना पाठीला जखम होऊ न देता सांभाळणाऱ्या त्या बायकांनीच न्यायालयात सांगितले की आम्हाला त्या जड नाहीत, आणि न्यायालयाने त्यांचेच मानले. माझ्या कागदाच्या विरुद्ध बाजूने यापेक्षा वजनदार काही मला सापडले नाही, आणि म्हणूनच सही करण्याआधी मी ती गोष्ट पुन्हा वाचली. वाचून मला असे वाटले की तिथे सगळे बोलत होते, फक्त त्यांना स्वतःला काय हवे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या बाबतीत ते ठाऊक असावे, इतकाच माझा हट्ट आहे.

यंत्रांवर माझा राग आहे असे कृपा करून समजू नका. 2021 च्या एप्रिलमध्ये सुहासला त्याच यंत्रांनी परत आणले, आणि तो परत येण्यासारखा होता म्हणून आणले. माझ्या कागदाने अशा उपचाराला हात लागत नाही. अपघात झाला, ऑपरेशन लागले, बरे होण्याची आशा असली, तर सगळे करायचेच आहे. आई, तुझ्या पेसमेकरचाही याच्याशी काडीचा संबंध नाही. तो कागद माझा आहे, तुझ्यासाठी कोणीही काहीही लिहिलेले नाही, आणि तू विचारल्याशिवाय कोणी लिहिणारही नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी थोडे तपशिलात लिहिते, कारण महालेखाकार कार्यालयात छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला 'सगळे कायदेशीर आहे' एवढे पुरणार नाही. 2018 च्या निकालात अशा कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, त्यामुळे तो अधिकार बहुतेकांसाठी कागदावरच राहिला. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ती अट सैल केली आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल असे सांगितले. पण कागद दाखवला आणि यंत्र बंद केले असे होत नाही. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे मंडळ मत देते, त्यानंतर दुसरे मंडळ बसते, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात, आणि प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. कागदात नावे दिलेल्या नातेवाइकांची संमती घेतली जाते आणि अंमल करण्यापूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. इंजेक्शन देऊन मारणे हा गुन्हा होता आणि आजही आहे. काही लोकांना ही व्यवस्था फार किचकट वाटते. मला ती तशीच असावीशी वाटते, कारण प्रतापनगरात घरांचे भाव काय झाले आहेत ते तुम्ही रोज वर्तमानपत्रात पाहता, आणि ज्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर घर आहे त्याच्या उशाशी दोनदा पडताळणी झालेलीच बरी.

कागदात मी दोन नावे दिली आहेत, सुहास आणि दादा. तुमचे नाव त्यात नाही. हे वाक्य मी चार वेळा खोडले आणि पुन्हा लिहिले. विश्वास नाही किंवा वय झाले म्हणून ते वगळले असे तुमच्या मनात क्षणभरही येऊ देऊ नका. तुम्ही एकदा अशी सही केली आहे. त्यानंतर दोन महिने तुम्ही अंबाझरीला फिरायला गेला नाहीत, आणि पोळ्याला आबांचा लाकडी बैल माळ्यावरून काढलाच नाहीत, हे मी पाहिले आहे. माझ्या बाबतीत तो पेन तुमच्या हातात कोणी देऊ नये, म्हणून माझी सही मीच करून ठेवली.

आई, तुझे म्हणणे मला ठाऊक आहे. आयुष्याची दोरी वरच्याच्या हाती, आपण कोण कात्री लावणारे. पण तुझ्या पोथीतले महाराज 1910 च्या ऋषिपंचमीला शेगावात समाधिस्थ झाले, तेव्हा त्यांनी भक्तांना आधीच कळवले होते, असे तूच मला मांडीवर घेऊन वाचून दाखवलेस. आणि 1982 च्या दिवाळीत बाबा पवनारला निघून गेले होते ते आठवते का? विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले होते आणि दिवाळीच्याच दिवशी, 15 नोव्हेंबरला, त्यांनी देह ठेवला. मी सहा वर्षांची होते, फुलबाज्या कोणी लावून देईना म्हणून रडून घर डोक्यावर घेतले होते. तेव्हा तूच म्हणालीस की त्या म्हाताऱ्याने जाणे सोपे करून दाखवले. मी विनोबा नाही आणि उपवास तर मला एकादशीचाही निभत नाही. पण हात जोडून 'आता पुरे' म्हणणे आपल्या धर्माला परके नाही, हे मी तुमच्याच घरात शिकले.

आणखी एक. आबांच्या वेळी तू पदरात तुळशीचे पान आणि गंगाजलाची छोटी तांब्याची लोटी घेऊन बाहेर बसून राहिली होतीस, आणि ते देता आले नाही, कारण तोंडात नळी होती. ती लोटी नंतर तू देवघरात उलटी घालून ठेवलीस, ती अजून तशीच आहे. मी माझ्या कागदात एक ओळ अशी घातली आहे की शेवटच्या वेळी घरच्यांना जवळ बसू द्यावे आणि तोंड मोकळे ठेवावे. वकीलबाई म्हणाल्या, याची काही गरज नाही. मी म्हटले, असू द्या. माझा गंगाजलावर तुझ्याइतका विश्वास नाही, तरी ते देता यावे एवढी सोय हवी.

न्यायालयाने असा कागद डिजिटल आरोग्य नोंदीत ठेवण्याचीही मुभा दिली आहे, तशी प्रत मी ठेवलीही आहे, पण ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी पासवर्ड सांगायला मीच नसेन, तेव्हा खरा भरवसा कपाटातल्या फाइलीचाच. ही वाक्ये वाचून बाबा हसले असतील. हसा.

आता काही गोष्टी सांगते, त्या मुकाट्याने ऐकायच्या. माझ्या आजारपणाच्या नावाने फोन आला, मी रुग्णालयात आहे, अमुक रक्कम ताबडतोब पाठवा, नाहीतर कोणी व्हिडिओवर पोलिसाच्या वेशात अटकेची भीती घातली, तर फोन ठेवायचा आणि आधी मला, मग सुहासला, मग दादाला लावायचा. फोनवरून अटक असा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवायचे, लाज वाटते म्हणून दोन दिवस लपवायचे नाही. आई, पेसमेकरचे कार्ड पाकिटात ठेव, देवघरात नाही, आणि फोन उजव्या कानाला लाव, ब्लाउजमध्ये तर मुळीच ठेवू नको. बाबा, थंडी पडू लागली आहे, पहाटे पाचला तळ्यावर जाण्याचे बंद करा, ऊन आल्यावर जा. कूलरची वाळ्याची ताटी तुम्ही स्टुलावर चढून काढू नका, दादाने त्या मुलाला सांगून ठेवले आहे, तो रविवारी येईल. त्याला चहा द्या, पण त्याच्या मागे उभे राहून शिकवू नका.

तुम्ही दोघांनी असा कागद करावा असा माझा आग्रह नाही. पुढे कधी वाटले तर तो केव्हाही करता येतो, आणि केलेला केव्हाही लेखी रद्दही करता येतो. नाही वाटले, तर तुम्हाला जे हवे ते आम्ही करू, बावीस दिवस काय आणि बावीस महिने काय, आणि त्या वेळी बाहेरच्या बाकावर मी बसेन. फक्त तुम्हाला काय हवे ते एकदा सांगून ठेवा. आईने ते स्वयंपाकघरात, पाठमोरी उभी राहून सांगितले तरी चालेल.

मुक्ताची परीक्षा 5 डिसेंबरला संपते. 7 तारखेच्या गाडीची आमची तिकिटे काढलेली आहेत. तोवर अंबिया बहाराची संत्री आलेली असतील. सांबारवडीचे सारण करून ठेव, लाटायला मी येते, तू एकटी ओट्याशी उभी राहू नकोस.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, माझ्या इच्छापत्राची छायाप्रत सोबत जोडली आहे. दुसऱ्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य दुहेरी अर्थाचे झाले आहे असे मला वाटते. नेहमीची लाल पेन्सिल घेऊन बसा, समासात खुणा करा, आणि मी येईन तेव्हा दाखवा. गरज पडली तर नवा कागद करीन. सही तेव्हाही मीच करीन.