उषाताई, एक थँक्यू राहिलं होतं

उषाताई, नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं कारणही नाही, मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये पीटीची बाई आहे. आमच्या लहानपणी पोरगी जरा जोरात पळाली की कोणीतरी म्हणायचंच, काय गं, स्वतःला पी. टी. उषा समजतेस काय? टोमणाच असायचा, पण मला लई भारी वाटायचं. आणि आमचे अण्णा, मुलींनी मैदानावर जायचंच नाही म्हणणारे, तेच १९८६ च्या सोल एशियाडनंतर (चार गोल्ड, वर १०० मीटरचं सिल्व्हर!) पेपरातला तुमचा फोटो बघून आईला म्हणाले, जाऊ दे तिला. तर पहिलं थँक्यू त्याचं.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकबद्दल सगळेच बोलतात, ४०० हर्डल्स, ५५.४२, सेकंदाच्या शंभराव्या भागानं ब्राँझ हुकलं. मला विचाराल तर १९८५ ची जकार्ताची एशियन चॅम्पियनशिप त्याहून मोठी. १००, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ बाय ४०० रिले, पाच गोल्ड, शिवाय ४ बाय १०० चं ब्राँझ. ज्यानं स्वतः स्पाइक्स घातलेत त्यालाच कळेल हे काय प्रकरण आहे, कारण १०० मीटर म्हणजे स्टार्ट चुकला की खेळ खलास आणि ४०० हर्डल्सला दहा अडथळ्यांमधली पावलं मोजून टाकायची, शेवटच्या शंभरात पाय वर येत नाहीत तरी हर्डल समोर असतोच, आणि हे दोन्ही एकच बाई एकाच मीटमध्ये करतेय, हीट्स (फायनलआधीच्या फेऱ्या) वेगळ्याच.

पण पत्र लिहायला बसले ते कोच उषाताईंसाठी. एवढं नाव झाल्यावर रिबिनी कापत फिरता आलं असतं की. तुम्ही २००२ मध्ये केरळात कोयिलांडीला पळणाऱ्या पोरींसाठी शाळा काढली आणि दुसऱ्यांच्या पोरींसाठी स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहिलात. तुमच्या टिंटू लुकानं २०१० मध्ये क्रोएशियातल्या स्प्लिट गावी ८०० मीटर १:५९.१७ मध्ये मारली, शायनी विल्सनचं नॅशनल रेकॉर्ड गेलं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, मराठीच्या सरांना कळेना कोणाला मुलगा झाला. (तिचा पहिला लॅप फार फास्ट जायचा हे माझं मत आजही आहे, दिल्ली कॉमनवेल्थला त्यानंच घात केला. रागावू नका.)

आमच्याकडे सिंथेटिक ट्रॅक नाही. मुरमाचं ग्राउंड, फक्कीनं आखलेल्या लेन, पाऊस आला की परत आखा, आणि हर्डल म्हणजे दोन बाजूंना विटा रचून वर आडवा बांबू, पाय लागला की पडतो म्हणून पोरी घाबरत नाहीत. सातवीची एक पोरगी डावा पाय पुढे टाकूनच उडी मारते, उजव्यानं म्हटलं की थांबते, सध्या रोज संध्याकाळी तेवढंच चाललंय. तिच्या आईचं म्हणणं, उन्हात काळी पडेल, आणि पळून पुढे काय? मग मी तुमच्या शाळेचं सांगते, की पळणारी बाई पुढे कोच होते, तिच्या हाताखालच्या पोरी देशासाठी पळतात. बहुतेक वेळा आई गप्प बसते, कधी चहापण देते.

२०२३ मध्ये कुस्तीवाल्या पोरींच्या आंदोलनाबद्दल तुम्ही जे बोललात, की रस्त्यावर उतरणं ही बेशिस्त आहे, ते मला अजिबात पटलं नव्हतं, ते लपवून थँक्यू म्हणणं बरोबर वाटेना म्हणून लिहिलं. थँक्यू तरी आहेच.

मे महिन्यात चार-पाच पोरींना घेऊन तुमच्या शाळेचा किनालूरचा ट्रॅक बघायला यायचा विचार आहे, हेडसरांकडे अर्ज दिलाय, रेल्वेच्या पैशांचं बघतोय. आत सोडतील ना हो?

तुमची,
साताऱ्याकडची एक पीटीची बाई